शिवलेलं पान

१

मंदाची जास्वंद एका रात्रीत जळाली आणि तिचा पंचनामा करायला मंदानं मला बोलावलं.

सत्त्याण्णव सालचा उन्हाळा. शाळेला सुट्टी लागलेली. सुरतेजवळच्या कोसाडच्या आमच्या सोसायटीत कोणाच्या तुळशीला कीड पडो, कोणाच्या पोराला खरूज होवो, माणूस आधी माझ्या दाराशी येतो. मी मराठी शाळेत विज्ञान शिकवते. माहेर-सासर दोन्ही जालन्याकडचं, पण गल्लीतल्या खानदेशी मंडळींनी मला कधी परकं मानलं नाही. "बाई म्हणाल्या" एवढं म्हटलं की इथली भांडणं मिटतात. याचं मला बरं वाटायचं, ते कशाला लपवू?

मंदा मात्र माझी नुसती शेजारीण नव्हती. तिचा नवरा गेला तेव्हा मी तिच्या घरी मुक्काम ठोकला होता, आणि मला टायफॉइड झाला तेव्हा तिनं माझं डोकं मांडीवर घेऊन पेज भरवली होती. तिचा मुलगा विकास माझ्या हाताखाली शिकला. सख्खी बहीण मला नाही, आणि असती तरी मंदाइतकी जवळची झाली असती असं वाटत नाही.

"बसा बाई, आधी पापड खा," ती म्हणाली. तळलेला पापड मी मोडला तर तो चामट निघाला. मंदाच्या हातचा पापड, आणि चामट!

"यंदा उडीदच वाईट निघाले," ती घाईनं म्हणाली. "चला, झाड बघा."

तिच्या भिंतीला लागून उखा राहतो; दोघांच्या परसांमध्ये जास्वंदीचं कुंपण आहे. पुरुषभर उंच, मंदानंच लावलेलं. दरवर्षी त्याला पांढरा मावा पडतो, पानं आखडतात, मुंग्या लागतात, आणि मी साबणाचं पाणी मारायला सांगते. पण हे तसलं नव्हतं. पानं आखडली नव्हती, भाजली होती. तपकिरी, कुरकुरीत, वर पांढुरका थर. मंदाच्या बाजूची पानं पार गेलेली, पलीकडची अर्धवट. एक उमललेलं लाल फूल देठाशी लोंबत होतं, त्याच्या पाकळ्यांची कड हिरवट-काळी पडली होती. पार टोकाला एक फांदी तेवढी वाचलेली दिसली.

"पाखरंसुद्धा गेली हो," मंदा पदरानं डोळे पुसत म्हणाली. "शिंजीर यायचे, बुलबुल यायचे. बेडूक होते, तेही गेले. आता एक पाखरू माझ्या दारी येत नाही."

तिला रडताना बघून माझं डोकं फिरलं. मी मोठ्यानं म्हणाले, "हे किडीचं काम नाही. कोणीतरी केमिकल ओतलंय."

मागून आवाज आला, "ऐकलं का सगळ्यांनी? बाईच म्हणाल्या!"

सोसायटीचे म्होरके हेमराजआप्पा दारात उभे होते, त्यांच्यामागे निम्मी गल्ली. सगळ्यांच्या नजरा कुंपणापलीकडे गेल्या. तिथे, उखाच्या मागच्या दाराशी, कारखान्यातून आणलेला निळा कॅन उभा होता.

२

उखा सचिन गावाच्या औद्योगिक वसाहतीत एका केमिकल कारखान्यात कामाला. पहाटे कंपनीच्या गाडीनं जातो आणि संध्याकाळी डोळे लाल करून परततो. तो राहतो ती खोली हेमराजआप्पांची. आप्पांनी गल्लीसमोर शब्द दिला होता की हर्षदाची बारावी होईपर्यंत उखाला कोणी हलवणार नाही. हर्षदा म्हणजे उखाची मुलगी. घराण्यात दहावीच्या पुढे गेलेली ती पहिलीच.

आता आप्पा म्हणत होते, "बाई, माझा शब्द होता. पण उद्या हाच माणूस कोणाच्या पोराच्या अंगावर तेजाब सांडेल. रविवारी मिटिंग घेतो. तुम्ही दोन शब्द बोला म्हणजे कोणाची कुरकुर राहणार नाही."

मी संध्याकाळी परसाकडून उखाकडे गेले. त्याची बायको सुंदरा दार धरून उभी राहिली. तिनं मला आत या म्हटलं नाही. या गल्लीत असं माझ्याशी कधी कोणी वागलं नव्हतं.

"बाई, तुम्हीच सांगं ना सगळासले," ती म्हणाली. "आते काय बोलाले ऊनात?" आता काय बोलायला आलात, असा तिचा सवाल होता.

उखा ओट्यावर बसला होता. त्यानं मान वर केली नाही. "माले काहीच माहीत नही बाई. तेजाब कारखानामा शे, मन्हा घरमा नही. गेटवर झडती व्हस आमनी. तेजाब कोन लयी येऊ दी?"

"मग हा कॅन?"

"पानीना शे. नळ एकच टाइम येस. आख्खी गल्लीमा अशाच कॅन शेतस, मंदाबाईना घर बी शे."

ते खरं होतं. कोसाडात कारखान्याचा धुतलेला कॅन पाण्याला नाही असं घर सापडायचं नाही. तरी मी झाकण उघडून आत डोकावले. तळाला शिळं पाणी होतं आणि त्यात डासांच्या अळ्या खालीवर वळवळत होत्या.

तेजाबाचा, म्हणजे ॲसिडचा, थेंब जरी या कॅनमध्ये गेला असता तरी एक अळी जगली नसती. आणि एवढ्या मोठ्या अळ्या कालपरवाच्या नव्हेत.

मी वाकून कुंपणाच्या बुडाशी पाहिलं. उखाच्या मोरीचं पाणी तिथून वाहतं. ओल्या विटेखाली एक मोठा बेडूक गळा हलवत बसला होता, शेजारी दुसरा. बेडकाची कातडी उघडी असते, घाण पाणी त्याला आधी मारतं. मंदा म्हणाली होती बेडूक गेले. ते इथे आरामात होते.

"बाई," आतून हर्षदा म्हणाली. तिच्या हातात मीच दिलेलं विज्ञानाचं पुस्तक होतं. "रविवारी तुम्ही आमच्याविरुद्ध बोलणार?"

मी कॅनचं झाकण लावलं. उखानं झाड जाळलं नव्हतं, आणि त्याला घराबाहेर काढायला माझंच एक वाक्य पुरेसं ठरलं होतं.

३

घरी येताना मी मंदाच्या कुंपणाची दोन जळकी पानं आणि ते लोंबतं फूल तोडून आणलं. त्या हिरवट कडेनं मला स्वस्थ बसू दिलं नव्हतं.

जास्वंदीची पाकळी पाण्यात चुरगळली की जांभळट पाणी होतं. त्यात आंबट पडलं तर ते लालभडक होतं, खारट-तुरट धुण्याच्या सोड्यासारखं काही पडलं तर हिरवं. सातवीच्या वर्गात हा प्रयोग दरवर्षी करते आणि दरवर्षी मुलं टाळ्या वाजवतात.

मी दोन वाट्या घेतल्या. एकीत संडास धुवायच्या तेजाबाचा थेंब टाकला. पाणी लाल झालं. दुसरीत जळक्या पानांवरचा पांढरा थर खरवडून टाकला.

पाणी हिरवं झालं.

खात्रीसाठी हळदीत बोट बुडवून त्याच थरावर फिरवलं. हळद लाल झाली. म्हणजे तेजाबाचा प्रश्नच मिटला. ओतलं ते याच्या नेमकं उलट होतं.

आता असं पांढरं, तीव्र, पाण्यात विरघळणारं घराघरात असतं कशाला? मी डबे उघडत गेले आणि तिसऱ्याच डब्याशी थांबले. पापडखार. उन्हाळ्यात आमच्या गल्लीत उडदाचं पीठ आणि पापडखार यांच्याशिवाय दुसरा विषय नसतो. खार पाण्यात उकळवायचा, ते पाणी पिठात घालायचं, त्याशिवाय पापड फुलत नाही. ते उकळतं पाणी पानावर पडलं तर पान भाजेल आणि वर पांढरा थरही राहील.

म्हणजे झाड मारणारा हात कारखान्याचा नव्हता, स्वयंपाकघराचा होता. आणि मंदाच्या परसामागे पोत्यानं पापड लाटणारी, त्या कुंपणावर वर्षानुवर्षं जळणारी एक बाई राहत होती.

४

शोभाबाईचं तोंड आणि लाटणं दोन्ही सारखंच चालतं. मी गेले तेव्हा ती खाटेवर पापड वाळत घालत होती.

"या बाई. माझा पंचनामा आहे का आज?"

"कुंपणाची सावली तुझ्या खाटेवर येते, म्हणून तू भांडत होतीस ना मंदाशी?"

"भांडत होते, उद्याही भांडेन. तोंडावर भांडते मी, पाठीमागे नाही." तिनं लाटण्यानं वर दाखवलं. "अन् मला जाळायचंच असतं, तर मी ही फांदी ठेवली असती का? हिचीच सावली पडते माझ्या पापडावर. पाखरं घाण करतात ती वेगळीच. आख्खं कुंपण जळालं अन् माझ्या मेलीची फांदी तेवढी हिरवी राहिली, नशीब बघा!"

मी वर पाहिलं. हीच ती वाचलेली फांदी. कुंपणाच्या टोकाची, शोभाबाईच्या खाटेवर झुकलेली. तिच्या अलीकडे सगळं जळकं, तिथून पुढे लखलखीत हिरवं. वाहून आलेलं पाणी असं एका फांदीपाशी थांबत नाही. ओतणाऱ्यानं हात आखडला होता.

"पापडखार आहे ना तुझ्याकडे?"

"हा काय भरलेला डबा. माझा कशाला सरेल? तुमच्या मंदालाच यंदा कमी पडला. एकाच दुकानातून, एकाच दिवशी आणलं आम्ही, उडीद अन् खार दोन्ही. तरी तिचे पापड चामट झाले. मी विचारलं तर म्हणे, उडीद वाईट." तिनं आत जाऊन एक पापड भाजून आणला. तो छान फुलला होता.

मला मंदाचा तो चामट पापड आठवला, पण मी तो विचार मनाआड केला. मंदा स्वतःचं झाड कशाला जाळेल? पापड सरकवून मी खाटेच्या कडेवर चढले आणि हिरव्या फांदीची पानं बाजूला सारली.

आत एक मोठं पान दुमडून, कडेकडेनं टोचून शिवलेलं होतं. शिंपी पक्ष्याचं घरटं. माझी चाहूल लागताच आतून इवल्या चोची उघडल्या. शिवायला पाखरानं वापरलेला धागा गुलाबी होता. मंदा घरी साड्यांच्या धागा-कटिंगचं काम करते, तिच्या अंगणात असे धागे पडलेले असतात. पाखरू कुठलाही धागा उचलेल, त्यावरून काही सिद्ध होत नाही, असं मी स्वतःला बजावलं.

मग मला घरट्याखाली करवंटी दिसली. फांदीला बांधलेली, पाण्यानं भरलेली. तिलाही गुलाबी धागा होता, तीन पदरी वळलेला, वर दुहेरी गाठ.

पाखरू पान शिवतं. दुहेरी गाठ मारत नाही.

५

मंदा स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. मी समोर पाट ओढून बसले.

"एक पाखरू तुझ्या दारी येत नाही म्हणालीस."

"नाहीच येत."

"मग करवंटीत पाणी कोणासाठी भरतेस?"

भाकरी परातीतच राहिली. मी सगळं सांगितलं. कॅनमधल्या अळ्या, मोरीतले बेडूक, हिरवं झालेलं पाणी, चामट पापड. तिच्या बाजूनं जास्त भाजलेली पानं, आणि घरट्याशी येऊन थांबलेला हात. तिनं एकदाही मला अडवलं नाही. मी वेड्यासारखी वाट बघत होते की ती म्हणेल, बाई, तुमचं काहीतरी चुकतंय.

"विकासचं लग्न होणार वैशाखात," ती शेवटी म्हणाली. "मुलीकडचे म्हणतात, पोरानं इच्छापोरलाच खोली घ्यावी, त्याच्या कंपनीजवळ. या एका खोलीत सून कुठे राहणार? उखाची खोली मिळाली असती तर मधली भिंत पाडून माझं पोर माझ्याजवळ राहिलं असतं. आप्पा म्हणाले होते, रिकामी झाली तर तुलाच देईन. पण विनाकारण त्याला काढणार नाही म्हणाले."

"म्हणून तू कारण तयार केलंस."

"मी बोलले असते तर लोक म्हणाले असते, हिला खोली पाहिजे. तुमच्यावर कोणी शंका घेत नाही."

इतकं साधं. मला वाटत होतं तिनं मला रडायला बोलावलं. तिनं मला शिक्का मारायला बोलावलं होतं. माझी इतक्या वर्षांची माया तिनं सांडशीसारखी वापरली, गरम भांडं स्वतःच्या हातानं उचलायला नको म्हणून.

"तेजाब दुकानात मिळतं, मंदा," मी म्हणाले. "उखावर घालायचंच होतं तर तेजाब ओतायचंस. कोणाच्या बापाला कळलं नसतं. पापडखार कशाला?"

ती परातीतलं पीठ गोळा करू लागली. "आणलं होतं. बाटली उघडली तर केवढा भपका! पिल्लं नुकतीच अंड्यातून निघाली होती. गुदमरून मेली असती."

शेगडीवरचा तवा रिकामाच तापत होता. मी उठून गॅस बंद केला.

"पिल्लांचा जीव गुदमरेल हे कळलं तुला. हर्षदाचा नाही?"

आता ती रडायला लागली, आणि मला तिच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला, याचाच मला राग आला.

"बाई, झालं ते झालं. उखाला सोडवा तुम्ही, मी आडवी येत नाही." तिनं माझा हात धरला. "पण माझं नाव नका घेऊ. शोभाचं घ्या. खार तिच्याकडेही आहे, भांडणही जगाला माहीत आहे. अन् तिचं घर स्वतःचं आहे, तिला कोण काढणार? चार दिवस बोलतील लोक, विसरतील."

मी हात सोडवून घेतला. शोभाबाईचं नाव तिनं किती पटकन काढलं! माझा नकार येणार, हे तिनं आधीच धरलं होतं आणि दुसरा माणूस तयार ठेवला होता.

"रविवारपर्यंत तू स्वतः सांग," मी म्हणाले. "नाहीतर मी सांगेन."

६

रविवारी हेमराजआप्पांच्या ओट्यावर गल्ली जमली. उखा कोपऱ्यात उभा, सुंदरा आणि हर्षदा त्याच्यामागे. शोभाबाई हात कमरेवर ठेवून. मंदा नेहमीसारखी माझ्या शेजारी येऊन बसली, खेटून. कोणी पाहिलं असतं तर म्हटलं असतं, दोघी बहिणी बसल्यात.

"सांगतेस का?" मी तिला हळूच विचारलं. तिनं तोंड फिरवलं.

मग मी उठले. सगळ्यांसमोर दोन वाट्या ठेवल्या, फूल चुरगळलं, एक पाणी लाल केलं आणि एक हिरवं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मोठी माणसं वाट्यांवर वाकली.

"मी त्या दिवशी केमिकल म्हणाले, तुम्ही कारखाना ऐकलात," मी म्हणाले. "हा पापडखार आहे. उखाचा याच्याशी काही संबंध नाही. आप्पा, तुमचा शब्द तुम्ही पाळा."

आप्पांनी मान हलवली. सुंदरानं तोंडात पदर धरला. हर्षदा माझ्याकडे बघत होती, आणि क्षणभर मला वाटलं, इथेच थांबावं.

"खार आहे तर मग कोणी केलं?" कोणीतरी विचारलं. सगळे शोभाबाईकडे वळले.

मंदा माझ्या कानाशी पुटपुटली, "बाई, तुमच्या पाया पडते."

शोभाबाईच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता. ती काही बोलत नव्हती, आणि ती बोलत नाही हे मी पहिल्यांदाच पाहत होते.

"मंदानं केलं," मी म्हणाले. "झाडही तिचं, खारही तिचा."

पुढचं फार काही नाही. कोणी ओरडलं नाही, कोणी तिला शिव्या दिल्या नाहीत. लोक एकेक करून उठले. विकास आईकडे न बघता निघाला. लग्नानंतर त्यानं इच्छापोरला खोली घेतली. आईनं ज्याच्यासाठी एवढं केलं, तो त्याच कारणानं आधी गेला. मला त्याचा आनंद झाला नाही, आणि मंदाची दया आली असंही म्हणता येत नाही. मला फक्त ती हवी होती, आधीची, पेज भरवणारी. आणि ती तेव्हाही अशीच होती का, हा प्रश्न आता माझ्या डोक्यातून जात नाही.

मंदा हल्ली मागचं दार उघडत नाही. त्या रविवारनंतर आठवड्याभरानं एका सकाळी मी उखाच्या परसात हर्षदाला पुस्तक द्यायला गेले. जळक्या काड्यांवर लालसर कोंब फुटले होते. सुंदरा खाटेवर चढून कुंपणाच्या टोकाशी काहीतरी करत होती.

"काय करतेस गं?"

"वाटीमधलं पानी सरी गयं व्हतं बाई," ती म्हणाली. करवंटीत तांब्यानं पाणी ओतून ती खाली उतरली. "मंदाबाई आते टाकत नही ना. पाखरंस्नं काय चुकनं?"

घरट्यातलं शेवटचं पिल्लू पानाच्या कडेवर येऊन बसलं होतं. आम्ही दोघी बघत राहिलो, आणि ते उडालं.

हे मंदाला सांगायला हवं होतं. ती त्याचीच वाट बघत असणार, दारामागे, हे मला माहीत होतं. मी तिच्या दारावरून सरळ घरी गेले.